लाभ, दोन, तीन

फिलू, गेलेल्या माणसाला वरून सगळं दिसतं, असं तुमच्यात म्हणतात की आमच्यात, आता नक्की आठवत नाही. पण खरंच दिसत असेल तर माझी काही धडगत नाही. तुझ्या मातीच्या वेळी मी काय केलं ते तू पाहिलं असशील. आणि तुझा स्वभाव बघता हसलीही असशील, पोटावर हात दाबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला मात्र हसू येत नाही गं. त्या दिवसापासून तुझ्या दारावरून जायची लाज वाटते. आचोळ्याहून येते, भुईगावात शिरले की स्कूटी मागच्या गल्लीनं घालते. तिथली कुत्री अंगावर येतात, तरी घालते.

शाळेत तुझी शोकसभा झाली. मोठ्या बाईंनी तुझी नोकरीची वर्षं वाचली, तुझे गुण वाचले, त्यात 'मितभाषी' असाही एक वाचला. तू आणि मितभाषी! मी चपापून इकडेतिकडे बघितलं, आपण चुकून दुसऱ्याच कोणाच्या सभेत बसलोय की काय म्हणून. मग त्यांनी माझं नाव घेतलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उठलेच नाही. "नंदाबाई फार जवळच्या, त्यांना बोलवत नाहीये," असं मोठ्या बाईंनीच सांगून टाकलं आणि मी ते खपवून घेतलं. खरं कारण समोर सतरंजीवर बसलं होतं, पहिल्या रांगेत, दोन वेण्या घालून. मानसी. तुझ्या पहिलीतली मानसी. तिच्या देखत मी तुझ्याबद्दल चांगलं काय बोलणार होते, कपाळ?

आपलं भांडण लाभावरून सुरू झालं आणि लाभावरच थांबलं. तुझी पहिली, माझी दुसरी, आणि मधे भिंत म्हणून दोन लोखंडी कपाटं. त्या कपाटांच्या वरून सगळं इकडचं तिकडे ऐकू यायचं. रोज सकाळी खिचडीचा तांदूळ काढायची वेळ झाली की स्वयंपाकाच्या मावशींच्या हातातून तू पोतं ओढून घ्यायचीस, तुझं ते पत्र्याचं माप एका पोराच्या हातात द्यायचीस आणि सगळा वर्ग भोवती बसवायचीस. मग पलीकडून आरोळी यायची: "लाभ! दोन! तीन! चार!" पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. घरात धान्य मोजताना म्हणतात तसं. आणि गंमत म्हणजे माझी दुसरीची पोरंही, जी गेल्या साली तुझ्याकडेच होती, वजाबाकी सोडून ओरडायला लागायची. मी डस्टर आपटायची. डस्टर आपटून आपटून माझं टेबल एका बाजूला खचलं, पण तुझं लाभ काही खचलं नाही.

"फिलू, अगं ही शाळा आहे, खळं नाही," मी मधल्या सुट्टीत म्हणायची.

"तांदूळ तर खळ्यातलाच आहे ना?"

"उद्या परीक्षेत पोर एकच्या जागी लाभ लिहून येईल."

"पहिलीतल्या पोराला लाभ लिहिता आलं तर त्याला मराठीत पास कर की, सातारकरीण!"

तुला काही बोलायची सोयच नव्हती. आणि मला सातारकरीण म्हणायचं काय कारण होतं, सांग. वसईत येऊन माझी अर्धी हयात गेली, मुलगा नालासोपाऱ्यात वाढला, तो तर मराठीत बोलतो की हिंदीत त्याचं त्यालाच कळत नाही. पण तुझ्यासाठी मी कायमची परवा एसटीतून उतरलेली बाई. फोनवर नवऱ्याशी, पास्कलशी, तू तुमच्या घरच्या बोलीत बोलायचीस आणि मधेच माझ्याकडे बघून हसायचीस. मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, पण माझी निंदा चाललीय एवढं कळायचं.

तुझं म्हणणं खोटं नव्हतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. लिहिताना तू पोरांकडून एकच लिहून घ्यायचीस. चिंचोके मोजताना एकच म्हणायला लावायचीस. फक्त तांदूळ मोजताना लाभ. "घरी बाप म्हणतो, आजा म्हणतो, आणि शाळेत आल्यावर ते चूक? मग पोराला वाटतं, घरी जे येतं ते सगळंच चूक. तोंड मिटून बसतं मग. मला मिटलेल्या तोंडाची भीती वाटते, नंदे, चुकलेल्या आकड्याची नाही." हे तू म्हणालीस ती जागाही आठवते मला, पाण्याच्या टाकीपाशी, हात धुताना. मी म्हटलं, "भाषण झालं असेल तर नळ बंद कर."

एकदा साहेब आले होते तपासणीला, ते आठवतं का? तुझ्या वर्गातल्या एका मुलासमोर त्यांनी टेबलावर पेन्सिली ठेवल्या, मोज म्हणाले. आणि ते कार्टं मोठ्या ऐटीत म्हणालं, "लाभ, दोन, तीन..." कपाटाच्या अलीकडे माझ्या कानांतून वाफा निघाल्या. म्हटलं, झालं, आता हिची जिरली. आणि साहेब काय म्हणाले? "आमच्या आजोळी असंच मोजायचे. हं, पुढे मोज बाळा." तू कपाटाआडून मान बाहेर काढून माझ्याकडे बघितलंस. काही बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. दुपारी डब्यासोबत तू माझ्यासमोर घरी वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी ठेवलीस. मी ती रागारागानं खाल्ली. पण सगळी खाल्ली.

तुझं देणं मी नाकारत नाही, फिलू. मी इथे नवी आले तेव्हा माझ्या वर्गातली निम्मी पोरं तेवीस लिही म्हटलं की बत्तीस लिहायची. मी लाल पेनानं फुल्या मारत सुटले होते. तू कपाटाला वळसा घालून आलीस, एक पाटी उचललीस आणि म्हणालीस, "अगं, ह्यानं ऐकलं तसंच लिहिलंय. तेवीस म्हणताना आपण तीन आधी म्हणतो, वीस नंतर. कान शाबूत आहेत पोराचे, फुल्या कसल्या मारतेस?" मग काड्यांचे दहाचे गठ्ठे बांधून आणलेस. आकडा कानावर पडला की आधी गठ्ठे उचलायचे, डाव्या हाताला ठेवायचे, मग सुट्या काड्या, आणि मगच पाटीला हात. दिवाळीपर्यंत माझी पोरं सरळ झाली. मी अजून तसंच शिकवते. दुसऱ्या शाळेतल्या बायका विचारतात, ही युक्ती कोणाची, तर मी तुझं नाव सांगते. तेवढी नेकी माझ्यात आहे. पण तुझ्या तोंडावर मी कधी बरं म्हटलं नाही. तोंडावर फक्त भांडले.

आणि एक गोष्ट तर कधीच सांगितली नाही. त्या शेवटच्या शुक्रवारी तू मला सरळ विचारलंस. पुढच्या आठवड्यात तोंडी चाचणी होती, म्हणून मी पुन्हा तोच विषय काढला होता. तू माप पिशवीत घालत होतीस, नवा तांदूळ आला म्हणून घरी नेऊन घासून आणते म्हणालीस. आणि मधेच थांबून म्हणालीस, "ते राहू दे. तुमच्या साताऱ्याकडे धान्य मोजताना काय म्हणतात, ते सांग आधी."

मी म्हटलं, "एक म्हणतात. दुसरं काय म्हणणार?"

तू माझ्याकडे बघत राहिलीस. मग रिक्षा आली. "बरं. राहिलेलं सोमवारी भांडू," म्हणालीस आणि गेलीस.

लाभच म्हणतात गं. माझे वडील जोंधळा मोजायला बसले की पहिलं माप छातीपर्यंत उचलायचे आणि लाभ म्हणायचे, आणि आम्ही पोरं त्यांच्या मागून ओरडायचो. मला ते सांगायचं नव्हतं, बस. तुला जिंकू द्यायचं नव्हतं. सोमवारी सांगितलंही असतं कदाचित, थोडे आढेवेढे घेऊन. सोमवारी तू आलीच नाहीस. शनिवारी ताप, रविवारी दवाखाना, आणि सोमवारी प्रार्थनेच्या वेळी मोठ्या बाईंचा फोन वाजला.

आता मातीचं बोलते. टाळून टाळून किती टाळणार.

ऊन चांगलंच लागत होतं. चर्चमधली मिस्सा झाली, तुला कब्रस्तानात आणलं, फादरांनी प्रार्थना म्हटली, पेटी खाली गेली. पास्कलनं पहिली मूठ टाकली, मग तुमच्या घरच्यांनी, मग गावानं. शाळेची पोरं सगळ्यांत शेवटी. मोठ्या बाईंनी त्यांना नीट रांगेत उभं केलं होतं आणि मी मागे. मानसी आईचा हात धरून माझ्या अगदी पुढे होती. आई वाकून तिला म्हणाली, "तीन मुठी टाकायच्या हां. फिलूबाईंना."

तिच्या घरी त्या दिवसांत भाताची झोडणी चालली होती. संध्याकाळी बापाच्या शेजारी बसून ती मापं मोजायची आणि सकाळी तुझ्या शेजारी बसून. माझ्या ते तेव्हा डोक्यात आलं नाही. ती खड्ड्याच्या कडेला गेली, वाकली, मूठ भरली, हात लांब केला, आणि तू शिकवलेल्या त्या खणखणीत आवाजात म्हणाली, "लाभ!"

आणि माती सोडली.

फिलू, कोणाला काही वाटलं नसतं. गावातल्या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकींकडे पाहिलं असतं, फार तर. पण माझ्या तोंडून गेलं, "शू! इथं असं म्हणतात का? एक म्हण!"

वर्गातला आवाज. मागच्या बाकापर्यंत पोचणारा. तुझ्या पेटीपाशी उभी राहून, तुझ्या पोरीला, तुझ्याच आकड्यावरून मी रागावले.

सगळं कब्रस्तान माझ्याकडे वळलं. फादर वळले. पास्कल तेवढा म्हणाला, "राहू दे, बाई." त्यानं ते इतक्या हळू म्हटलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मानसीनं माझ्याकडे पाहिलं. ती रडली नाही. रडली असती तर मी तिला उचलून घेतलं असतं, समजूत घातली असती, चार बायका म्हणाल्या असत्या की दुःखात होतं असं. ती नुसती बघत राहिली. दुसरी मूठ तिनं भरलेली होती. ती तिनं टाकली नाही. फ्रॉकच्या खिशात घातली आणि आईच्या मागे जाऊन उभी राहिली.

घरी आल्यावर मी स्वतःला खूप समजावलं. म्हटलं, सवय गं, शिक्षकाची जात, चूक ऐकली की तोंड उघडतंच. म्हटलं, तिथं लाभ म्हणणं वाईट दिसलं असतं, पोरीच्या भल्यासाठीच बोलले. ह्यांनीही तेच सांगितलं, "तू मनाला लावून घेऊ नकोस, चहा घे." पण तू विचारलं असतंस तर तुला खोटं सांगता आलं नसतं. पोरीचं भलंबिलं काही नव्हतं. तो शब्द ऐकला आणि मला आपलं भांडण आठवलं. तू आता उत्तर देऊ शकत नव्हतीस. आणि अगदी तेवढ्या एका क्षणात मला वाटलं की आज तरी माझा शब्द शेवटचा राहील. हे वाटलं, फिलू. सख्ख्या मैत्रिणीच्या मातीत उभं राहून हे वाटलं. ह्या वयात माणूस आपल्याबद्दल असं काही ओळखतो आणि मग आरशात केस विंचरायलाही नको वाटतं.

पुढच्या आठवड्यापासून तुझी पहिली माझ्याकडेच दिली. दुसरी बाई मिळेपर्यंत, म्हणाले. ती कधी मिळणार ते देवच जाणे. कपाटं भिंतीला सरकवली, खोली एकदम मोठी झाली. तुझी पोरं माझ्या पोरांच्या शेजारी बसली. बाकीची चार दिवसांत रुळली, पोरंच ती. मानसी गप्प. म्हटलं, असेल, वेळ लागेल. मग मी पहिलीला चिंचोके दिले आणि एकेकाकडून मोजून घ्यायला लागले. मानसीसमोर मूठभर ठेवले. तिनं पहिला चिंचोका बोटानं सरकवला. ओठ घट्ट मिटलेले. मग दुसरा सरकवला आणि म्हणाली, "दोन." मग, "तीन. चार." शेवटपर्यंत नीट मोजलं. नऊ चिंचोके होते, नऊच म्हणाली.

मला वाटलं, पहिला मला ऐकू आला नाही. पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा तेच. पहिल्याला काहीच नाही, दुसऱ्यापासून दोन. काड्या दिल्या, मणी दिले, फळ्यावर फुलं काढून दिली. पहिल्यावर बोट ठेवते आणि तोंड मिटते. लाभ मी म्हणू दिलं नाही आणि एक ती म्हणत नाही. आणि उत्तर दर वेळी बरोबर! मी तिला चूक तरी कशी म्हणू? लाल पेन हातात घेऊन मी नुसती बसले. तुझ्या मिटलेल्या तोंडाचं भाषण मला तेव्हा आठवलं, पाण्याच्या टाकीपाशी मी नळ बंद करायला सांगून तोडलेलं. मी कारण काढून व्हरांड्यात गेले आणि तिथं रडले. दुसरीतला एक शहाणा मागून येऊन म्हणाला, "बाई, खडूची धूळ गेली का डोळ्यात?" म्हटलं, "हो, गेली. जा, पाढे म्हण."

तिच्या आईला मी फाटकात गाठलं. म्हटलं, माझ्या हातून चूक झाली त्या दिवशी. ती बिचारी संकोचली. "नाय ओ बाई, तुमचं काय चुकलं? पोरीलाच समजत नाय," म्हणाली. मग म्हणाली, "पन ती खिशातली माती काय टाकू देत नाय. फ्रॉक धुवायचा होता, म्हनून मी काढून डबीत ठेवली. विचारलं कशाला ठेवलीस, तर म्हनते, बाईंनी मोजू नाय दिली."

मोजू नाही दिली. आयुष्यभर मी काय केलं म्हणायचं मग? मोजायला शिकवलं, असंच ना सांगत फिरत होते?

मी म्हटलं, "शनिवारी मी तिला घेऊन जाऊ का फिलूबाईंकडे? राहिलेली माती टाकू द्या तिला." आईनं घरी विचारलं. दुसऱ्या दिवशी सांगितलं, "तुमच्यासंगती नाय जात म्हनते." बरोबरच आहे तिचं. मी तिच्या जागी असते तर माझ्यासंगती पानपट्टीपर्यंतसुद्धा गेले नसते.

आणि मग परवा मागच्या गल्लीत पास्कलनं माझी स्कूटी अडवली. मी गोरीमोरी झाले. म्हटलं, आता हा बोलणार, आणि बोलायलाच हवं. तर म्हणतो, "बाई, ह्या गल्लीनं कशाला येता? चावतील कुत्री. पुढून या की." त्यानं हातातली पिशवी पुढे केली. तुझं माप. घासून लखलखीत केलेलं. "शुक्रवारीच घासलं होतं तिनं. शाळेचं आहे, म्हणून आणलं," म्हणाला. मला वाटलं होतं माफी मागेन. पिशवी घेतली आणि "तुम्ही जेवता का वेळेवर?" असं काहीतरी विचारून बसले. तो म्हणाला, "जेवतो. तिच्याएवढं बोलत नाही कोणी जेवताना, एवढंच."

तू गेल्यापासून खिचडीचा तांदूळ मावशीच काढतात, प्लास्टिकच्या वाडग्यानं, कोणी मोजत नाही. आज सकाळी मी पोतं वर्गात मागवलं. मावशी बघतच राहिल्या. पहिली आणि दुसरी, सगळी पोरं भोवती बसवली. तुझं माप बाहेर काढलं तशी तुझ्या पोरांत कुजबुज झाली, "फिलूबाईंचं! फिलूबाईंचं!" मानसी मागे होती. मी तिला बोलावलं नाही. हल्ली मी तिला फार बोलावत नाही. पण माप बघून ती आपणहून पुढे सरकली, अगदी पातेल्यापाशी येऊन बसली.

मी रात्रभर ठरवून आले होते, फिलू. सगळ्या पोरांच्या समोर, मोठ्या आवाजात, तुझ्या पद्धतीनं. म्हणजे तिला कळेल की म्हणायला हरकत नाही. म्हणजे निदान माझ्या तोंडून तुझं म्हणणं एकदा तरी निघेल. मी माप भरलं, वरून हातानं सपाट केलं, वडील उचलायचे तसं छातीपर्यंत उचललं आणि म्हटलं, "लाभ!"

मानसीचा हात झटकन माझ्या तोंडावर आला. एवढासा हात, तांदळाच्या पिठानं माखलेला. डोळे मोठे केले तिनं, मान एका बाजूला केली, अगदी माझ्यासारखी, आणि म्हणाली, "शू! इथं असं म्हनतात का? एक म्हन!"

पोरं खदाखदा हसली. त्यांना वाटलं खेळ आहे. मावशीही हसल्या. मी तिच्या हाताखाली तशीच बसून राहिले. किती नीट शिकली होती ती माझ्याकडून! आवाज, मान, डोळे, सगळं. तू दिलेलं एक अक्षर तिच्या तोंडून निघत नव्हतं आणि मी दिलेलं असं पाठ होतं. मला वाटलं होतं मी तिला परत काही देतेय. तिच्या लेखी मी चुकत होते आणि ती मला सांभाळून घेत होती, लोकांत शोभा होऊ नये म्हणून. कब्रस्तानात मी तिला असं सांभाळलं नव्हतं.

तिनं हात काढला. वाट बघत राहिली, मी एक म्हणते का ते. मी एक म्हणू शकले असते. किती सोपं होतं ते. पण ते म्हटलं असतं तर कब्रस्तानातलं माझं बोलणं पुन्हा एकदा खरं ठरलं असतं. आणि लाभ तर ती म्हणू देत नव्हती. मी तिच्याकडे बघितलं, आणि ओठ मिटून घेतले, ती मिटते तसे, आणि माप पातेल्यात ओतलं.

तिच्या चेहऱ्यावरचं ते मोठ्या बाईचं सोंग हळूहळू उतरलं. ती माझ्याकडे बघत होती, खड्ड्यापाशी बघत होती तशीच. मी दुसरं माप भरलं. ते तिच्या पुढे धरलं. तिनं दोन्ही हातांनी घेतलं, जड होतं तिला, पण ओतलं.

"दोन," ती म्हणाली.

"बाई, ओ बाई!" तो दुसरीतला शहाणा उभा राहून ओरडला. "पहिलं राहिलं! पहिलं मोजलंच नाही तुम्ही!"

"मोजलंय," मी म्हटलं. "खाली बस. मोजलंय ते."